चहाचे डाग

मंगळवारी, तोक्योत सकाळचे नऊ वाजले असताना, तुम्ही गेलात. कराडला तेव्हा साडेपाच वाजले होते. मी क्लिनिकमध्ये होते. रिसेप्शनवरून चिठ्ठी आली: घरून फोन, परत करा. खुर्चीतल्या बाईंचे चार दात पॉलिश करायचे राहिले होते. ते केले, त्यांना चूळ भरायला सांगितलं, हातमोजे काढले आणि नवऱ्याला, मंदारला, फोन लावला. तो म्हणाला, आई गेली.

तिकिटं काढून तोक्योहून कराडला पोहोचायला आम्हाला दोन दिवस लागले. तोवर तुम्हाला ठेवणं शक्य नव्हतं. तुमच्या लेकीच्या, सुनीताताईंच्या मुलानं अग्नी दिला. त्यामुळे तुमचा चेहरा मी शेवटचा पाहिला तो मरणाच्या आदल्या रविवारी, व्हिडिओ कॉलवर, आणि तोही अर्धाच. खालच्या अर्ध्या चेहऱ्यावर तुमचा हात होता. त्या हाताबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे. बोलायला उशीर झाला आहे, पण तुम्हीच म्हणायचात ना, हिच्या तोंडातून शब्द काढायचा तर चिमटा लागतो. म्हणून लिहिते आहे.

आई, तुम्ही पहिल्यांदा आमच्याकडे आलात तेव्हा बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. नव्वद दिवसांचा व्हिसा, दोन बॅगा, त्यातली एक नुसती चटण्यांची. तोक्योच्या कोतो भागातलं आमचं अकराव्या मजल्यावरचं घर तुम्ही फिरून पाहिलंत आणि म्हणालात, "बरं हाय. देवाला जागा न्हाई, पुस्तकांना हाय." ते मला लागलं होतं. दुसऱ्या दिवशी पुस्तकांच्या कपाटाचा वरचा खण रिकामा करून मी तिथे देव मांडले. तुम्ही त्या रात्री माझ्या ताटात जास्तीची भाकरी वाढलीत. आपलं बरंचसं बोलणं असंच व्हायचं.

रोज सकाळी तुम्ही बाथरूममध्ये बराच वेळ असायचात. आतून पंखा लावलेला. बाहेर आलात की बामची जुनी डबी पदराखाली असायची. त्या डबीत मिश्री असते हे मला ठाऊक होतं, मंदारला लहानपणापासून ठाऊक होतं. भाजून कुटलेली तंबाखू, बोटावर घेऊन दातांना चोळायची. तुमच्या आईनं लावली, तुम्ही बाराव्या वर्षापासून लावली. घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी कधी त्याचं नाव काढत नव्हतं. माझ्या माहेरी, पुण्यात, असलं काही नव्हतं. खरं सांगायचं तर सुरुवातीला मला ती गोष्ट गावंढळ वाटायची. हे मी तुम्हाला कधी दाखवलं नाही असं समजत होते.

पहिल्याच खेपेला तुमची पूड संपली. बॅगेच्या तळाशी पानं होती. मी कामावर, मंदार कामावर, तुम्ही तव्यावर तंबाखू भाजायला घेतलीत. इथल्या घरात धूर झाला की छतावरचं यंत्र बाईच्या आवाजात बोलू लागतं, आग लागली आहे, आग लागली आहे. मी घरी आले तेव्हा आमच्या लेकीनं, इरानं दारातच जपानीत सांगितलं, आजीनं घर जाळलं. मग मराठीत सांगितलं की आजी छताकडे बघून त्या बाईशी बोलत होती. काय बोलत होती, विचारलं तर म्हणाली, "न्हाई गं बाई, कायबी लागलं न्हाई, गप बस आता."

तुम्ही ओट्याशी, माझ्याकडे पाठ करून उभ्या होतात. म्हणालात, "जिरं करपलं."

मी म्हटलं, होतं असं कधी कधी. तीन दिवस घराला तंबाखूचा वास होता आणि आम्ही सगळे त्याला जिऱ्याचा वास म्हणत होतो. मंदार ऑफिसातून आला की बूट काढता काढता विचारायचा, आज पण जिरं का? आणि तुम्ही हसायचात. तोंड भरून, मान मागे टाकून, काळपट दात सगळे दाखवत. तुमचं ते हसू घरातल्या कुणालाच नव्हतं. मंदारला नाही, सुनीताताईंना नाही. बाबा म्हणायचे म्हणे, हिचं हसणं एसटी स्टँडवर ऐकू जातं.

तेव्हा मी स्टेशनजवळच्या दातांच्या दवाखान्यात सहायक म्हणून अर्धवेळ काम करत होते. मराठी घेऊन एम.ए. केलेल्या बाईला इथे कोण काय काम देणार? त्यांनी दिलं. भाषा सुधारली, माणसं भेटली. काम सोपं होतं. अवजारं उकळायची, फाइली लावायच्या, ट्रे मांडायचा. दात पॉलिश करायचे असले की ट्रेमध्ये छोटा ब्रश, रबराची वाटी, पेस्टचा ठिपका, सगळं ओळीनं मांडायचं आणि दोन पावलं मागे सरायचं. रुग्णाच्या तोंडात हात घालायची सहायकाला परवानगी नाही. त्यासाठी तीन वर्षांची शाळा, मग सरकारी परीक्षा, मग परवाना. मी चार वर्षं ट्रे मांडत होते.

हे तुम्हाला मी सहज म्हणून सांगितलं होतं, कपडे घडी करताना. तुम्ही इराचा मोजा हातात धरून थांबलात. "म्हणजे ताट तू वाढायचं आणि जेवायला दुसरीनं बसायचं?"

तसंच, म्हटलं.

"मग शीक की."

मी कारणं सांगितली. वय अडतीस. जपानी लिपीतली ती कांजी अक्षरं. इरा लहान. वर्गातल्या मुली माझ्या निम्म्या वयाच्या असतील. तुम्ही प्रत्येक कारणाला हं, हं म्हणत राहिलात आणि शेवटी म्हणालात की दरवर्षी तीन महिने तुम्ही याल, परीक्षेच्या दिवसांत. बाकीचे नऊ महिने तुझा नवरा बघंल, त्याला दोन हात दिलेत मी. मंदार शेजारच्या खोलीतून म्हणाला, ऐकू येतंय मला. तुम्ही म्हणालात, "ऐकू यावं म्हणूनच बोलतीय."

मी शाळेत नाव घातलं आणि तुम्ही शब्दाप्रमाणे आणखी तीनदा आलात. गुडघे दुखत असताना, विमानात पाय सुजत असताना. इराला शाळेतून आणायचात, तिला भाकरी थापायला शिकवायचात, आणि कचऱ्याचे प्रकार तिच्याकडून शिकायचात. जळणारा कुठला, न जळणारा कुठला, बाटलीचं झाकण वेगळं का. हे तुम्हाला शेवटपर्यंत पटलं नाही. "कचऱ्याला सुद्धा सोवळंओवळं," म्हणायचात. रात्री जेवणं झाल्यावर मी दातांची नावं घोकत बसले की तुम्ही समोर बसून काहीतरी निवडत राहायचात. माझ्या वाचनावरून आपली कुरबुर व्हायचीच एरवी. पुस्तकात डोकं घातलं की हिला हाक ऐकू येत नाही. पण त्या तीन वर्षांत तुम्ही हाक मारलीच नाहीत.

तिसऱ्या वर्षी शाळेच्या दवाखान्यात पॉलिशची शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा होती. प्रत्येकीनं आपल्या ओळखीतलं कोणीतरी रुग्ण म्हणून आणायचं, आणि दातांवर डाग असलेलं आणायचं, म्हणजे शिक्षिकेला काम दिसेल. कुणी सिगारेट ओढणारे वडील आणणार होतं, कुणी कॉफी पिणारी मावशी. मंदारच्या दातांवर काही नव्हतं, शिवाय त्या आठवड्यात तो ओसाकाला होता. मी फोनवर वर्गमैत्रिणीकडे तिचा भाऊ मागत होते. तुम्ही घेवडा मोडत होतात; आदल्या रात्री मी मंदारला फोनवर हे सगळं सांगताना तुम्ही ऐकलं होतंत. आपल्या घरात या कामासाठी सगळ्यात योग्य तोंड कुणाचं आहे हे तुम्हालाही माहीत होतं, मलाही. मी विचारू शकत नव्हते. विचारायचं तर तीन वर्षांच्या जिऱ्याचं काय करायचं?

फोन ठेवला तेव्हा तुम्ही शेंगांकडे बघत म्हणालात, "माझं चालतील का गं?"

मी मूठभर शेंगा माझ्याकडे ओढल्या.

"तोंड माझं, परीक्षा तुझी. तुझ्या बाईंना सांग, काळं हायेत म्हणून. चांगलं काळं हायेत."

त्या दिवशी तुम्ही ठेवणीतली निळी इरकल नेसलात. शाळेत सगळ्या रुग्णांना एक फॉर्म होता, तो जपानीत, म्हणून मी विचारून भरायचा. रक्तदाब, साखर, औषधं. मग डागांचं कारण: चहा, कॉफी, तंबाखू, इतर. मी पेन धरून थांबले. तुम्ही माझ्याकडे बघत होतात. मला एवढंच विचारायचं होतं, आई, मिश्री किती वर्षं लावता? नऊ वर्षं तुमची सून होते मी.  मी चहापुढे खूण केली.

मोरी-सेन्सेई आमच्या शिक्षिका. साठीच्या, बारीक, फार न बोलणाऱ्या. त्यांनी आरसा घेऊन तुमच्या तोंडात पाहिलं, गाल बाजूला करून हिरड्या पाहिल्या, मग फॉर्म पाहिला. म्हणाल्या, चहा बराच कडक असावा. तुम्ही मला विचारलंत, काय म्हणतात? मी म्हटलं, विचारतायत चहा किती पिता.

"सांग, लय."

मी सांगितलं. मोरी-सेन्सेईंनी मान डोलावली. तुम्हीही डोलावलीत. तुमच्या दोघींना एकमेकींचं पुरतं कळलं होतं असं मला आता वाटतं. न कळलेली मी एकटीच होते.

मग दोन तास. आधी दातांवर साचलेला दगड काढला, मग जाड पेस्ट, मग बारीक. रबराची वाटी दाताला टेकवायची, दाबायची नाही; दाबली तर दात तापतो. करंगळीशेजारचं बोट शेजारच्या दातावर टेकू म्हणून. मी पहिल्यांदा तुमच्या तोंडात हात घातला तेव्हा त्या बोटाला टेकायची जागा सापडेना. तुम्हाला बोलता येत नव्हतं. तुम्ही पोटावरचा हात उचलून माझ्या कोपरावर ठेवलात आणि दोनदा थोपटलंत. मोरी-सेन्सेईंनी काहीतरी लिहिलं. त्यांनी काय लिहिलं माहीत नाही, पण माझं बोट दातावर टेकलं. बारा वर्षांच्या मुलीनं बोटानं चोळायला घेतलेलं ते सगळं, साठ वर्षांचं, वाटीच्या कडेनं हळूहळू राखाडी होऊन निघत होतं. खालून दात निघाले. चांगले होते, आई. भक्कम, थोडे पिवळे, एकालाही कीड नाही.

तुम्हाला आरसा दिला. तुम्ही बराच वेळ पाहिलंत. म्हणालात, "हे कुणाचं?" आणि मग हसलात, ते तुमचं हसू, आणि शेजारच्या सहा खुर्च्यांपाशी उभ्या असलेल्या मुली आपापली कामं थांबवून आपल्याकडे बघायला लागल्या. परत येताना ट्रेनमध्ये तुम्ही काचेत बघून बघून हसत होतात. समोर बसलेले एक आजोबाही हसू लागले.

मी पास झाले. गुणपत्रिकेत हाताच्या कामाला पूर्ण गुण होते. रुग्णाला माहिती विचारण्याच्या रकान्यात निम्मे, आणि खाली मोरी-सेन्सेईंचं बारीक अक्षर: रुग्णाला लाज वाटणार नाही असं विचारायला शिका. ती ओळ मी तुम्हाला वाचून दाखवली नाही. तुम्हाला फक्त पास सांगितलं.

आणि घरी येऊन मी काय केलं? जेवायला बसल्यावर, नुकतीच परीक्षा दिलेल्या माणसाच्या उत्साहानं, हिरड्यांवर व्याख्यान दिलं. तेव्हाही नाव घेतलं नाही. "आता पुन्हा ते लावू नका," म्हटलं. ते. तुम्ही म्हणालात, "बरं."

पुढच्या वसंतात सरकारी परीक्षेचा निकाल लागला तेव्हा तुम्ही कराडला होतात. गल्लीत पेढे वाटलेत आणि सगळ्यांना सांगितलंत, सून डॉक्टर झाली. मी व्हिडिओ कॉलवर म्हटलं, आई, डॉक्टर नाही, हायजिनिस्ट, दात साफ करणारी. तुम्ही विचारलंत, आता दातांना हात लावतीस का न्हाई? लावते. मग झालं, म्हणालात. हा वाद आपला अजून संपलेला नाही.

त्याच कॉलवर मला पहिल्यांदा दिसलं की तुम्ही हसताना तोंडावर हात घेता. मग पुढच्या रविवारी. मग दर रविवारी. कधी हात, कधी पदर. इथल्या बायका हसताना असाच हात घेतात. क्लिनिकमध्ये मी दिवसभर ते बघते. मला गंमत वाटली. मी म्हटलं, "आई, तुम्ही पुरत्या जपानी झालात."

तुम्ही हात तसाच ठेवलात. मग म्हणालात, "तर. चार खेपा केल्या ते काय फुकट?"

त्यानंतर ती आपली नेहमीची थट्टा झाली. इरा कॅमेऱ्यासमोर येऊन तोंडावर हात घेऊन दाखवायची, तुम्ही तिला तसाच हात घेऊन दाखवायचात. दोन वर्षं. दोन वर्षं मी तुमचं हसू पाहिलं नाही आणि मला ते लक्षात आलं नाही.

दहाव्यानंतर सुनीताताई आणि मी तुमची खोली आवरत होतो. खिडकीच्या कोनाड्यात बामची डबी होती. मी ती उचलून बाजूला ठेवली, सवयीनं, न बघितल्यासारखी. सुनीताताईंनी ते पाहिलं. म्हणाल्या, "तुझ्यापासून लपवून लपवून दमली बिचारी, मृणाल."

मी विचारलं, माझ्यापासून का? मला तर माहीत होतं.

त्या साड्यांच्या घड्या घालत सांगत होत्या. तुम्ही परत आल्यावर महिनाभर सोडली होतीत. डोकं दुखायचं, पोट साफ व्हायचं नाही, झोप लागायची नाही. मग पुन्हा सुरू झाली. त्यानंतर कुठल्या लग्नात फोटो काढायचा म्हटलं की तुम्ही ओठ मिटायचात. सुनीताताई रागावायच्या, आई, हस की. "तर म्हणायची, तू तो फोटो मृणालला पाठवशील. पोरीनं तीन वर्षं शिकून माझं दात घासलं, मी महिन्यात काळं केलं. तिला काय वाटंल?"

मी डबी हातात घेऊन बसून राहिले.

आई, मिश्री वाईटच. हे मी आजही म्हणेन, रोज म्हणते. क्लिनिकमध्ये तंबाखू ओढणारे येतात, त्यांना मी आता नाव घेऊन, नीट, विचारते. दिवसाला किती? कधीपासून? सोडायचा प्रयत्न केला तेव्हा काय त्रास झाला? माणसं सांगतात. कुणाला लाज वाटताना दिसली की मी सांगते, माझ्या सासूबाईंनी साठ वर्षं लावली, आणि त्यांच्या दातांवर मी पास झाले. मग ते जास्त सांगतात. एवढं विचारता येऊ लागलं आहे. पण ते मी तुमच्याशी करायला हवं होतं, घेवडा मोडता मोडता, त्या संध्याकाळी. मी विचारलं असतं तर कदाचित तुम्ही सोडली असतीत. कदाचित नसतीही. पण हात तरी खाली ठेवला असतात. मी परवाना मिळवला आणि तुम्हाला वाटलं तुम्ही माझ्या परवान्याला काळं फासलंत. आणि वर मी तुम्हाला जपानी म्हणून चिडवलं. सबब मीच तुमच्या हातात दिली आणि तुम्ही ती मुकाट घेतलीत, मला बरं वाटावं म्हणून.

फोटोचं तुम्हाला सांगायचं राहिलं. भिंतीवर लावायला फोटो शोधताना गेल्या दोन वर्षांतले सगळे मिटल्या ओठांचे निघाले. मंदारच्या फोनमध्ये जुना एक होता, पहिल्या खेपेचा. आमच्या स्वयंपाकघरात, हातात तवा, मान मागे. जिऱ्याच्या दिवसांतला. मंदार आणि मी तो घेऊन फ्रेमवाल्याकडे गेलो. त्यानं संगणकावर मोठा करून पाहिला. भला माणूस होता. म्हणाला, दात पांढरे करून देतो, सगळे करून घेतात, दोन मिनिटांचं काम, पैसे नाही घेत त्याचे. त्यानं एका दातावर करूनही दाखवलं.

मंदारनं माझ्याकडे पाहिलं. या विषयातली मी आता घरातली जाणकार ना.

मी म्हटलं, "नको. आहेत तसे राहू द्या."

फ्रेमवाल्याला वाटलं मला नीट कळलं नाही. त्यानं पुन्हा समजावलं. मंदार म्हणाला, "ती म्हणते तसं करा. मिश्री लावायची आई." चाळीस वर्षांत त्यानं तो शब्द पहिल्यांदा मोठ्यानं म्हटला असावा. फ्रेमवाला म्हणाला, माझी पण लावते. आणि त्यानं तो एक दात पूर्ववत केला.

आम्ही तोक्योला परत येऊन तीन आठवडे झाले. भाड्याच्या घरात भिंतीला खिळा मारता येत नाही, म्हणून फोटो पुस्तकांच्या कपाटाच्या वरच्या खणात आहे, देवांच्या शेजारी. डबी मी आणली आहे. तुम्ही हसता आहात. दात दिसतात.